सुराखालचे सूर

आमचे पेटीचे सर दोन बोटं एकदम दाबू देत नसत. गल्लीतल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी भजन असायचं. मी दहा वर्षांचा; एका हातानं भाता हलवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं एकामागून एक पट्ट्यांवरून सरकवायची. एका गुरुवारी भजन सुरू व्हायच्या आधी मी सा, ग आणि प एकत्र दाबून धरले. देवळाच्या घुमटाखाली तो आवाज पसरला आणि समईची वात कुणीतरी पुढे सारावी तसं झालं. सरांनी माझा हात अलगद उचलला. म्हणाले, "बाळ, एका वेळी एकच सूर. गाणाऱ्याला गळा एकच असतो."

सरांचं चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. आपलं संगीत एका सुरातून दुसऱ्या सुरात कसं जायचं, याचाच शेकडो वर्षं विचार करत आलं आहे. पण त्या घुमटाखालचा तो आवाज मनातून गेला नाही. तीस वर्षांनी, नोकरी आणि घर सांभाळून रात्री लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करायला बसलो, तेव्हा तो परत समोर उभा राहिला.

बीट दोन आठवड्यांत जमली. किक, टाळी, हायहॅट. ताल आपल्या अंगात असतो, तो पडद्यावरच्या चौकोनांत भरायला वेळ लागत नाही. बासची ओळ जमली. वरची चाल तर पेटीमुळे आपोआप सुचायची. अडलं ते मधल्या जागेत. चाल आणि बास यांच्यामध्ये जे काही असायला हवं, ते एकतर रिकामं राहायचं किंवा चिखल व्हायचा. तीन सूर एकत्र दाबले की कॉर्ड होते हे कळायला काहीच लागत नाही. एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना त्यातला प्रत्येक सूर कुठे जातो, याला हार्मनी म्हणतात, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. या लेखात सांगायचं आहे ते त्या दीड वर्षाबद्दल, आणि माझ्याआधी याच जागी अडलेल्या काही माणसांबद्दल.

त्यातली पहिली माणसं शिकागोची. १९८०च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी घरच्या घरी, स्वस्तात मिळणाऱ्या यंत्रांवर जे संगीत रचलं त्याला पुढे हाउस म्हणू लागले. मार्शल जेफरसन हा त्यांपैकी एक. तो टपाल खात्यात काम करायचा आणि त्याला कीबोर्ड नीट वाजवता येत नव्हता. उधारीवर त्यानं सीक्वेन्सर आणि इतर वाद्यं घेतली. सीक्वेन्सर म्हणजे वाजवलेले सूर लक्षात ठेवून पुन्हा वाजवणारं यंत्र. जेफरसननं पियानोचे कॉर्ड अगदी संथ गतीत, एकेक करून, वाजवून नोंदवले आणि मग गती वाढवली. १९८६ साली 'मूव्ह युवर बॉडी' बाहेर आलं. त्यातला पियानो ऐकून हा माणूस लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आला असेल असं वाटतं. हाताला जे येत नव्हतं ते त्यानं कानाकडून करून घेतलं.

याला कुणी लबाडी म्हणेल. मला ती रियाजाची एक पद्धत वाटते. ख्यालाची तान आधी बरोबरीच्या लयीत घोटायची, मग दुगुणीत, असंच आपल्याकडे शिकवतात. फरक इतकाच, की जेफरसनच्या बाबतीत दुगुण यंत्रानं केली. पण कुठला सूर कुठल्या सुराबरोबर हवा, हे यंत्रानं ठरवलं नव्हतं.

त्याच शहरात लॅरी हर्ड नावाचा तरुण बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ड्रमवाल्याला कॉर्डबद्दल फारसं कुणी विचारत नाही. त्यानं सिंथेसायझर आणि तालयंत्र घेतलं, आणि 'मिस्टर फिंगर्स' या नावानं १९८६ साली 'कॅन यू फील इट' आलं. साहित्य इतकं थोडं, की मोजायला एका हाताची बोटं पुरतात: ताल, बास आणि वर लांबच लांब ओढलेले कॉर्ड. तरीही ते ऐकताना पोकळ वाटत नाही. मी ती रचना किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. पहिल्या पन्नास वेळा मी कॉर्डची नावं शोधत होतो. त्यानंतर कधीतरी नावं सोडून दिली, कॉर्डमधला एकच सूर पकडला आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुणगुणत गेलो. मग दुसरा, मग तिसरा. त्या रात्री मला पहिल्यांदा हार्मनी ऐकू आली.

हाउसमध्ये याच्या अगदी उलट जाणारी गोष्टही आहे आणि ती नवशिक्यानं समजून घ्यायलाच हवी. कॉर्ग कंपनीच्या १९८१ सालच्या पॉलिसिक्स या सिंथेसायझरला 'कॉर्ड मेमरी' होती. एक कॉर्ड एकदा त्याला शिकवायची, मग एका बोटानं कुठलीही पट्टी दाबली की तीच कॉर्ड त्या सुरावरून वाजते. पुढे सँपलरवरही लोक हेच करू लागले: कुठल्या तरी रेकॉर्डवरची एक कॉर्ड उचलायची आणि कीबोर्डभर फिरवायची. समजा, सा, कोमल ग, प आणि कोमल नी असा चार सुरांचा गुच्छ आहे. तो तसाच उचलून कोमल गंधारावर ठेवला, की त्यात तीव्र मध्यम आणि कोमल रिषभ येतात. मूळ सप्तकात हे दोन्ही सूर नव्हते. रागसंगीतावर वाढलेल्या कानाला ते टोचतात, कारण वर्ज्य सूर लागल्यासारखं होतं. आणि हाउसची जी खास चव आहे ती त्या टोचण्यातूनच आली आहे. सगळे सूर एका साच्यात घट्ट बसून एकदम उडी मारतात. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. फ्रान्सच्या देब्युसीनं १९१० सालच्या 'बुडालेलं कॅथीड्रल' या पियानो रचनेत समांतर कॉर्ड अशाच सरकवल्या होत्या. त्यानं ते हातांनी आणि विचारपूर्वक केलं. शिकागोत यंत्राच्या सोयीतून तेच घडलं.

आज कॉर्डचे तयार संच विकत मिळतात. सप्तकाबाहेरची पट्टी दाबूच न देणारी सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुरुवातीच्या वर्षभरात ही सोय बंद ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. समांतर कॉर्ड वाईट असतात असं नाही. पण गुच्छातला प्रत्येक सूर वेगवेगळा ऐकल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही, आणि मग सगळ्यांच्या रचना एकाच संचातून निघाल्यासारख्या वाटतात.

या शोधात असताना मी मिरजेला गेलो. सरळ सांगायचं तर तंबोरा घ्यायला गेलो होतो, हार्मनी शोधायला नाही. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. कारागिरांच्या दुकानात पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. वयस्कर कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवत होते. जवारी लावणं म्हणतात ते हेच. दोरा केसभर सरकला की तारेचा आवाज बदलायचा: आधी बंद, मग हळूहळू उघडत जाणारा, मग एकदम झळाळी.

"आता ऐका," ते म्हणाले, आणि खर्जाची तार छेडली. "गंधार येतोय का?"

आला. तंबोऱ्यावर गंधाराची तारच नव्हती, पण खर्जाच्या तारेतून तो स्वच्छ येत होता. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यामागचं कारण साधं आहे. कुठलीही तार कंप पावते तेव्हा मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही चालू असतात. तिप्पटीचा सूर पंचम, पाचपटीचा सूर गंधार. म्हणजे एक तार छेडली की सा, प आणि ग हे तिन्ही सूर आपोआप हजर असतात. मी दहाव्या वर्षी पेटीवर दाबले होते तेच तीन.

आपल्या संगीतात हार्मनी नाही, हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आणि म्हटलंही आहे. रचनेच्या अर्थानं ते खरं आहे. पण ज्याचा कान तंबोऱ्यात मुरला आहे त्यानं सा-ग-प हा मेळ जन्मभर ऐकलेला असतो. कुणी त्याला कॉर्ड म्हणून दाखवलेला नसतो, एवढंच. एक अडचण मात्र आहे. तंबोऱ्यातला गंधार आणि कीबोर्डवरचा गंधार एक नाहीत. सप्तकाचे बाराशे भाग केले तर कीबोर्डचा गंधार चारशेवर असतो आणि स्वयंभू गंधार साधारण तीनशे शहाऐंशीवर. चौदा भागांचा हा फरक कानाला कळतो. लांब ओढलेल्या कॉर्डमध्ये तर अस्वस्थ करतो. पेटीवर गवयांनी घेतलेला जुना आक्षेप हाच, आणि आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली तेव्हाच्या वादातही हा मुद्दा होता. बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. सॉफ्टवेअरमध्ये एकेक सूर केसभर खाली-वर करता येतो. संथ, तंबोऱ्यासारख्या भरीव रचनेत मी गंधार चौदा भाग उतरवून ठेवतो. कॉर्ड शांत होते.

मिरजेच्या त्या दोऱ्यानं आणखी एक गोष्ट शिकवली. सिंथेसायझरला फिल्टर असतो. तो बंद असताना सुरातले वरचे अंश कापले जातात, उघडला की एकेक करून बाहेर येतात. कारागीर दोरा सरकवून करत होते ते आणि फिल्टर करतो ते, कानाला जवळजवळ सारखंच. म्हणून इलेक्ट्रॉनिक संगीतात एकच कॉर्ड बत्तीस मात्रा धरून ठेवता येते आणि कंटाळा येत नाही: सूर बदलत नाहीत, त्यांची जवारी बदलते. कॉर्डवर कॉर्ड रचत सुटणाऱ्या नवशिक्याला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. एक कॉर्ड घ्या, फिल्टर अगदी सावकाश उघडा, आणि पुढच्या कॉर्डची खरंच गरज वाटते का ते पाहा.

आता थाटांकडे येतो. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत मांडले. त्यांपैकी सहा थाट युरोपातल्या जुन्या सप्तकांशी तंतोतंत जुळतात: बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी आणि भैरवी. पाश्चात्य पुस्तकांत त्यांना आयोनियन, लिडियन अशी ग्रीक नावं आहेत आणि ती पाठ करताना विद्यार्थी मेटाकुटीला येतात. आपल्याकडे शाळेत पेटी शिकलेल्या मुलीला ही सप्तकं आधीच येत असतात. नावं पाठ करण्याचं कामच नाही.

काफीत सा, कोमल ग, प ही एक कॉर्ड. मध्यमावरून दुसरी: म, ध, सा. या दोनच कॉर्ड आलटून पालटून वाजवा. फंकपासून हाउसपर्यंत हा झोका जागोजागी सापडतो. आता धैवत कोमल करा, म्हणजे आसावरीत या. मध्यमाची कॉर्ड एकदम कोमेजते. एका पट्टीचा फरक, पण रस्त्यावरचा दिवा गेल्यासारखं वाटतं. भैरवीत कोमल रिषभावरून कॉर्ड धरली तर रे कोमल, म आणि ध कोमल येतात. सा धरून ठेवलेल्या बासवर ही कॉर्ड ठेवली, की टेक्नोचा तो जड, धुकट काळोख तयार होतो.

हे सगळं माहीत होऊनही माझ्या कॉर्ड धक्के खात होत्या. ते सुटलं गोव्यात.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवायचे. व्हायोलिन आणि गायन शिकलेली ती मुलं पुढे मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिनच्या फळीनं खाली काय वाजवायचं हे सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोवेकर अरेंजर लिहायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते शिष्याच्या कृतज्ञतेपोटी. मराठी-हिंदी गाणी ऐकत वाढलेल्या आपल्या पिढ्यांच्या कानात हार्मनी मुरवली ती या माणसांनी. त्यांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर बहुधा छापली गेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

सासष्टीतल्या एका गावात चर्चच्या कोयरमध्ये चाळीस वर्षं खालचा आवाज गाणारे एक गृहस्थ भेटले. मांडो ही गोव्याची गाणी दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज पहिल्याच्या खाली, साधारण गंधाराच्या अंतरानं चालतो. मी त्यांना लॅपटॉपवरची माझी रचना ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "बाब, यातला मधला आवाज कोण गाणार?"

मी म्हटलं, "कोणी गाणार नाही, सिंथ आहे."

"तरी गाऊन दाखवा."

मला गाता येईना. मधला सूर एकदा वर उडी मारत होता, मग खाली कोसळत होता, मग भलतीकडेच जाऊन बसत होता. मी प्रत्येक कॉर्ड मुळापासून रचत होतो: सा-ग-प झाली की हात उचलायचा, पुढच्या सुरावर तोच आकार ठेवायचा. मधल्या आवाजाचा विचारच केला नव्हता. ते म्हणाले, "जो आवाज कंटाळवाणा आहे तोही गाता आला पाहिजे. आमच्या कोयरमध्ये मधल्या आवाजाला दहा ओळी एकच सूर असतो. पण तो सूर त्याचा असतो."

याच तत्त्वाला पुस्तकांत मोठं नाव आहे. काम सोपं आहे: प्रत्येक सुरानं पुढच्या कॉर्डमधल्या जवळच्या सुराकडे जायचं, आणि जो सूर दोन्ही कॉर्डमध्ये आहे त्यानं जागा सोडायची नाही. मींड आणि शेजारच्या सुराची ओढ जाणणाऱ्या आपल्या कानाला हे नवं नाही.

खालच्या पट्टीबद्दल थोडक्यात. मंद्राच्याही खाली दोन सूर जवळजवळ ठेवले की ते एकमेकांवर घासतात, म्हणून तळाला एकच सूर असावा. बाकीचे मध्य सप्तकात. किकलाही स्वतःचा सूर असतो. तो षड्जाशी जुळवून घेतला की अर्धा चिखल निघून जातो.

मुंबईच्या चरणजित सिंग यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्या या कलावंतानं १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं समोर मांडली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बासयंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यांवर त्यानं भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्याच ३०३ यंत्रावर शिकागोत 'ॲसिड ट्रॅक्स' ही हाउस रचना आली ती १९८७ साली. २०१० साली सिंग यांची तबकडी नेदरलंड्समधून पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले. ती ऐकताना मला वाटतं, इथे कॉर्डची चाल जवळजवळ नाहीच. षड्जाभोवती फिरणारा बास आणि वर राग. तरीही ती संपूर्ण आहे. म्हणून हार्मनी शिकताना ती कुठे वापरायची नाही, हेही शिकावं लागतं. यमन शुद्ध वाजवायचा असेल तर त्याखाली कॉर्ड बदलत नेऊ नयेत असं माझं मत आहे. प्रत्येक कॉर्ड नवा षड्ज सुचवते आणि रागाची जमीन हलते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी लॅपटॉप नंतर उघडावा. घरात आजोबांची पेटी माळ्यावर असेल तर खाली काढा, भाता पुसून घ्या. आसावरी थाटात बसा आणि चार कॉर्ड धरा. पहिली: सा, ग कोमल, प. दुसरी: सा, ग कोमल, ध कोमल, फक्त पंचम एक पट्टी वर सरकला. तिसरी: मंद्र नी कोमल, ग कोमल, प. चौथी: मंद्र नी कोमल, रे, म. मग पुन्हा पहिली. आजच्या नृत्यसंगीतात हे आवर्तन जागोजागी ऐकू येतं. आता पेटी वाजवत एकेक आवाज गा. खालचा: सा, सा, नी, नी. मधला: ग, ग, ग, रे. वरचा: प, ध, प, म. घरात तिघं असतील तर तिघांत वाटून घ्या आणि लहान मुलाला मधला आवाज द्या. तो सगळ्यांत सोपा आहे.

माझी मुलगी हा मधला आवाज गाते. अकरा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत आम्ही तिघांनी हे आवर्तन फोनवर रेकॉर्ड केलं आणि खाली फक्त एक किक आणि षड्जाचा बास ठेवला. तीन मिनिटं वीस सेकंदांचा ट्रॅक आहे. मी पुरा केलेला तो पहिला.